धोतऱ्याची विडी आणि श्वासनळीतल्या चेता

फोडणीत मिरची जरा जास्त करपली की घरातल्या सगळ्यांना ठसका लागतो. चुलीपाशी उभ्या असलेल्याला लागतो, तसाच बाहेरच्या खोलीत अभ्यास करत बसलेल्यालाही लागतो. हा ठसका कोणी ठरवून देत नाही. श्वासमार्गाच्या अस्तरात चेतातंतूंची बारीक टोके पसरलेली असतात. तिखट वाफ त्यांना झोंबते, संदेश मेंदूकडे जातो आणि तिथून स्नायूंना हुकूम सुटतो. निरोगी माणसाचा ठसका दोन मिनिटांत निवतो. पण काही माणसे रोज सकाळी उठल्यावर बराच वेळ खोकत राहतात, भरपूर बेडका पडला की मगच त्यांना मोकळे वाटते, आणि हे वर्षानुवर्षे चालते. सलग दोन वर्षे, दर वर्षी निदान तीन महिने, बहुतेक दिवशी खोकला आणि कफ असेल, आणि त्यामागे क्षयासारखे दुसरे कारण सापडत नसेल, तर डॉक्टर त्याला जुनाट ब्राँकायटिस म्हणतात. यातल्या बऱ्याच रुग्णांना पुढे चालताना, जिना चढताना धाप लागू लागते.

या दुखण्यात चेतांचा हात किती? प्रश्न साधा वाटतो, पण त्याचे उत्तर गेल्या दोनशे वर्षांत लंबकासारखे एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेले आहे. गंमत अशी की त्यावरचे औषध लोकांच्या हाती उत्तराच्या कितीतरी आधी आले होते.

ती गोष्ट मद्रासपासून सुरू होते. तिथले लोक दम लागला की धोतऱ्याची मुळे वाळवून, कुटून, चिलमीत भरून ओढत. कंपनी सरकारचे मद्रासमधले फिजिशियन-जनरल डॉ. जेम्स अँडरसन यांनी हा उपाय पाहिला आणि जनरल जेंट नावाच्या लष्करी अधिकाऱ्याला सांगितला. जेंट यांनी १८०२ साली तो ब्रिटनमध्ये नेला. तिथे एडिंबरोच्या डॉ. सिम्स यांच्याकडे तो पोचला आणि दहा वर्षांच्या आत तिथल्या वैद्यकीय नियतकालिकात धोतऱ्यावर पत्रव्यवहार सुरू झाला. भारतातल्या धोतऱ्याऐवजी युरोपात उगवणारी त्याची भाऊबंद जात वापरात आली. पुढे दम्याच्या सिगरेटी म्हणून तिच्या पानांच्या विड्या औषधांच्या दुकानांत विसाव्या शतकातही बरीच वर्षे मिळत होत्या. (शिक्षकांनी इथे वर्गात स्पष्ट सांगायला हवे की धोतरा विषारी आहे. त्याच्या थोड्या बियांनीही भ्रम होतो, हृदयाचे ठोके बिघडतात, माणूस दगावू शकतो. हा प्रयोग करून पाहण्याचा नव्हे.)

धोतऱ्याच्या धुराने छाती मोकळी का होते, हे मात्र कोणालाच माहीत नव्हते. त्या काळी दमा आणि ब्राँकायटिस यांच्यातली सीमाही पुसटच होती. ‘ब्राँकायटिस’ हा शब्द इंग्रज डॉक्टर चार्ल्स बॅडहॅम यांनी १८०८ साली रूढ केला. त्याआधी छातीत घरघर, कफ आणि धाप असली की सगळ्याला ढोबळ नावे दिली जात.

मग शरीरक्रियाशास्त्राचा काळ आला. १८४० साली चार्ल्स विल्यम्स यांनी प्राण्यांच्या फुप्फुसाला विजेचा झटका दिला, तेव्हा श्वासनलिका आकुंचन पावल्या. म्हणजे या नळ्या रबराच्या नळीसारख्या निर्जीव नव्हत्या. त्यांच्या भिंतीत स्नायू होते आणि ते आवळले जात. दोनच वर्षांनी फ्रान्समध्ये लाँजे यांनी थेट व्हेगस चेता उत्तेजित करून तोच परिणाम दाखवला. व्हेगस ही मेंदूच्या बुंध्यापासून निघून मानेतून छातीत आणि पुढे पोटापर्यंत जाणारी लांबलचक चेता. तिच्या नावाचा लॅटिन अर्थच मुळी भटकी असा आहे.

आता लंबक एका टोकाला गेला. लंडनचे डॉ. हेन्री हाइड सॉल्टर यांनी १८६० साली दम्यावर एक मोठा ग्रंथ लिहिला. ते स्वतः दम्याचे रुग्ण होते. रोगाचे मूळ चेतासंस्थेत आहे, चेता नळीला आवळण्याचा चुकीचा हुकूम देतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. शास्त्राच्या दृष्टीने हा विचार पुढचा होता. पण ‘चेतांचा रोग’ म्हणताना पुढच्या लोकांनी त्याचा ‘मनाचा रोग’ करून टाकला, आणि धाप लागलेल्या माणसाला ‘तू घाबरट आहेस’ असे सांगण्याची सोय झाली. आपल्याकडेही अजून हे ऐकू येते. सॉल्टरना तसे म्हणायचे नव्हते. ते स्नायू आणि तंतू यांच्याबद्दल बोलत होते.

व्हेगस हा एकेरी रस्ता नाही हे १८६८ साली कळले. हेरिंग आणि ब्रॉयर या दोघांनी दाखवले की फुप्फुस फुगले की त्याची वर्दी व्हेगसमधूनच मेंदूला जाते आणि मेंदू श्वास आत घेणे थांबवतो. (हेच ब्रॉयर पुढे फ्रॉइडचे सहकारी म्हणून प्रसिद्ध झाले.) आज आपल्याला माहीत आहे की व्हेगसमधले बहुसंख्य तंतू मेंदूकडे बातमी नेणारे आहेत. हुकूम आणणारे त्या मानाने थोडे.

दरम्यान १८३०च्या दशकातच धोतऱ्याच्या कुळातल्या वनस्पतींमधून अ‍ॅट्रोपिन हे शुद्ध द्रव्य वेगळे काढले गेले होते. १९०३ साली डिक्सन आणि ब्रोडी या इंग्रज संशोधकांनी श्वासनलिकांच्या स्नायूंवर पद्धतशीर प्रयोग केले. व्हेगस उत्तेजित केली की नळ्या आवळतात आणि अ‍ॅट्रोपिन दिले की तीच चेता कितीही उत्तेजित करा, नळ्या ढिम्म राहतात. मद्रासच्या चिलमीचे गूढ इथे उकलले. मग १९२१ साली ऑटो लोवी यांनी बेडकांच्या हृदयांवरचा सुप्रसिद्ध प्रयोग केला आणि चेता आपला हुकूम एका रसायनाच्या रूपाने पोचवते हे सिद्ध केले. ते रसायन म्हणजे अ‍ॅसिटिलकोलिन. त्याचा अभ्यास हेन्री डेल यांनी आधीच केला होता. १९३६चे नोबेल पारितोषिक दोघांना मिळून मिळाले. अ‍ॅट्रोपिन काय करते, तर अ‍ॅसिटिलकोलिनने जिथे बसायचे त्या ग्राहींवर आधीच जाऊन बसते. किल्ली फिरत नाही, कारण कुलपात दुसरेच काही अडकवून ठेवलेले असते.

आणखी एक धागा. १९३२ साली हॉवर्ड फ्लोरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांजराच्या श्वासनळीवर प्रयोग करून दाखवले की व्हेगस उत्तेजित केली की नळीतल्या ग्रंथी श्लेष्म, म्हणजे कफ, सोडू लागतात. हे फ्लोरी म्हणजे पेनिसिलिनवाले फ्लोरी. त्यांचे हे काम पेनिसिलिनच्या झगझगाटात झाकून गेले.

म्हणजे १९३२ पर्यंत सगळे तुकडे टेबलावर होते. तीच चेता स्नायू आवळते, तीच कफ सोडायला लावते, तीच खोकल्याची वर्दी नेते. जुनाट ब्राँकायटिसची तिन्ही लक्षणे एका दोरीला बांधलेली दिसत होती. आणि नेमके इथून पुढे जवळजवळ तीस वर्षे डॉक्टर चेतांना विसरले. मला या इतिहासातला हाच भाग सर्वांत विचार करण्याजोगा वाटतो.

विसरण्याला कारणे होती. पहिले औषधांचे. विसाव्या शतकाच्या आरंभी अ‍ॅड्रिनॅलिन आले आणि पन्नाशीच्या दशकात कॉर्टिझोन. त्यांच्यापुढे अ‍ॅट्रोपिन फिके पडले. शिवाय त्याने तोंड कोरडे पडते, डोळ्यांपुढे अंधुक दिसते, छाती धडधडते, आणि म्हाताऱ्या रुग्णांना भ्रम होतो. कफ वाळून नळीत घट्ट बसेल अशी भीतीही होती.

दुसरे कारण लंडनच्या हवेत होते. ५ ते ९ डिसेंबर १९५२ या पाच दिवसांत कोळशाचा धूर आणि धुके मिळून लंडनवर अशी गोधडी पसरली की भर दिवसा हात पुढे केला तर दिसेना. सरकारी हिशोबाने सुमारे ४००० माणसे जास्तीची मेली. नंतरच्या अभ्यासांनी हा आकडा १२,०००च्या आसपास नेला. मेलेल्यांत जुनाट ब्राँकायटिसचे रुग्ण मोठ्या संख्येने होते. १९५६ साली ब्रिटनने स्वच्छ हवेचा कायदा केला. त्यानंतरच्या संशोधनात साहजिकच धूर, काजळी, सिगरेट आणि कफ हेच विषय राहिले. १९६० साली लंडनच्या ब्रॉम्प्टन रुग्णालयात काम करणाऱ्या लिन रीड यांनी श्वासनलिकेच्या भिंतीची जाडी आणि तिच्यातल्या कफग्रंथींच्या थराची जाडी यांचे गुणोत्तर मोजले. निरोगी माणसात ग्रंथी भिंतीचा साधारण एक तृतीयांशाहून कमी भाग व्यापतात, तर जुनाट ब्राँकायटिसमध्ये निम्म्याच्या आसपास किंवा जास्त. हे माप आजही त्यांच्याच नावाने ओळखले जाते. रोग आता डोळ्यांनी दिसत होता, पट्टीने मोजता येत होता. अदृश्य चेतांच्या मागे कोण लागणार?

धुराची हीच कहाणी दिल्लीतही चालू होती, पण तिथला धूर वेगळा होता. १९५९ साली डॉ. पद्मावती आणि डॉ. पाठक यांनी फुप्फुसाच्या जुनाट रोगामुळे हृदय दुबळे झालेल्या १२७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात बायकांचे प्रमाण पाश्चात्त्य देशांच्या मानाने फारच जास्त होते. त्यांतल्या बहुतेक जणी विडी-सिगरेट ओढणाऱ्या नव्हत्या. संशय चुलीवर गेला. या संशयाची जगाने पुरेशी दखल घ्यायला पुढची कित्येक वर्षे गेली. २००९ साली पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी ‘लॅन्सेट’मध्ये न ओढणाऱ्यांच्या या रोगाचा आढावा घेतला, तेव्हा लाकूडफाटा आणि शेणीचा धूर त्यात ठळकपणे पुढे होता.

पुन्हा लंडनकडे येऊ. कफ साठतो, त्यात जंतू वाढतात, त्याने नळ्या खराब होतात आणि मग धाप लागते, असा ब्रिटिश डॉक्टरांचा तर्क होता. तो तपासण्यासाठी चार्ल्स फ्लेचर यांनी लंडनच्या ७९२ कामगारांना आठ वर्षे मोजले. (१९४१ साली ऑक्सफर्डमध्ये पहिल्या रुग्णाला पेनिसिलिनचे इंजेक्शन देणारे तरुण डॉक्टर हेच फ्लेचर.) १९७७ साली रिचर्ड पीटो यांच्याबरोबर त्यांनी निष्कर्ष मांडला की कफ होणे आणि नळ्या अरुंद होत जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही सिगरेटमुळे होतात, पण एकीमुळे दुसरी होत नाही. स्वतःचाच तर्क आकड्यांपुढे मागे घेण्याचे हे चांगले उदाहरण आहे. अर्थात कफ अगदीच निरुपद्रवी ठरला नाही. १९९६ साली कोपनहेगनच्या मोठ्या पाहणीत सतत कफ असणाऱ्यांची फुप्फुसे जास्त वेगाने खालावतात आणि त्यांना रुग्णालयात जास्त वेळा जावे लागते, असे दिसले.

चेता परत आल्या त्या मागच्या दाराने. १९५४ साली जॉन विडिकोम यांनी मांजराच्या श्वासनळीतल्या संवेदक टोकांची विद्युत स्पंदने टिपली. काही टोके नळी ताणली की बोलू लागत. काहींना धूळ आणि तिखट वायू जागे करीत, ती क्षणभर जोरात बोलून गप्प होत. लगेच १९५५ साली अवतारसिंग पेंटल या भारतीय शास्त्रज्ञांनी फुप्फुसाच्या अगदी आतल्या भागात, केशवाहिन्यांच्या शेजारी असलेले संवेदक शोधून काढले. जगभर ते ‘जे संवेदक’ म्हणून ओळखले जातात. पेंटल पुढे दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटचे संचालक झाले. आपल्या पाठ्यपुस्तकांत त्यांचे नाव सहसा आढळत नाही.

मग १९६७ साली सॅन फ्रान्सिस्कोत सिमॉन्सन, जेकब्ज आणि नॅडेल यांनी प्रत्यक्ष रुग्णांवर काम केले. दमा आणि ब्राँकायटिसच्या रुग्णांना त्यांनी सायट्रिक आम्लाचा, म्हणजे लिंबातल्या आम्लाचा, फवारा हुंगायला दिला. त्यांना खोकला आला आणि त्याबरोबर नळ्याही आवळल्या. अ‍ॅट्रोपिन दिल्यावर हे आवळणे बरेच थांबले. याचा अर्थ आम्ल स्नायूला थेट आवळत नव्हते. वर्दी मेंदूपर्यंत जाऊन हुकूम परत येत होता. १९७६ साली त्याच गटाने निरोगी माणसांना साधी सर्दी झाली असताना तपासले, तर त्यांच्याही नळ्या काही आठवडे चटकन आवळणाऱ्या झालेल्या होत्या. विषाणूने वरचे अस्तर खरवडले की खालच्या चेता उघड्या पडतात, असा त्याचा अर्थ त्यांनी लावला. सोललेल्या त्वचेवर मीठ लागावे तसे. दरम्यान रीड यांनीही १९७२ साली माणसाच्या कफग्रंथी काचपात्रात जिवंत ठेवून पाहिले होते. अ‍ॅसिटिलकोलिनने त्या जास्त स्रवत, अ‍ॅट्रोपिनने ते थांबे. फ्लोरींचे मांजर बरोबर सांगत होते.

औषधाची अडचण रसायनशास्त्रज्ञांनी सोडवली, आणि ती युक्ती अकरावी-बारावीच्या मुलांना आवडेल अशी आहे. अ‍ॅट्रोपिनच्या रेणूत एक नायट्रोजनचा अणू असतो. त्याला आणखी एक कार्बनी गट जोडला की त्या नायट्रोजनवर कायमचा धनभार येतो. भारित रेणूला पेशींची स्निग्ध पटले ओलांडता येत नाहीत. मग असे औषध फवाऱ्याने फुप्फुसात दिले तर ते बरेचसे तिथेच राहते, रक्तात फार थोडे जाते आणि मेंदूत जवळजवळ पोचतच नाही. हे इप्राट्रोपियम. १९७०च्या दशकाच्या मध्यावर ते जर्मनीत वापरात आले. कफ वाळून घट्ट होण्याची भीतीही व्यवहारात खरी ठरली नाही.

१९८४ साली निकोलस ग्रॉस आणि स्कोरोडिन यांनी एक अनपेक्षित गोष्ट दाखवली. सिगरेटमुळे फुप्फुसे पोखरलेल्या रुग्णांत औषधाने जितकी म्हणून नळी मोकळी होऊ शकते, ती जवळजवळ सगळी एकट्या अ‍ॅट्रोपिनने होते. दम्यात तसे होत नाही. या रुग्णांत चेता जास्त जोर लावत असतात का? तसे असेलच असे नाही. निरोगी माणसाचीही व्हेगस नळ्यांना सतत किंचित आवळून धरते. नळी रुंद असेल तर ते जाणवत नाही, अरुंद असेल तर जीव घेते.

हा हिशोब वर्गात करायला द्यावा. नळीतून संथ वाहणाऱ्या प्रवाहाला होणारा विरोध त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो. ३ मिलिमीटर त्रिज्येची नळी ०.३ मिलिमीटरने आवळली तर विरोध साधारण दीडपट होतो. रोगाने आधीच १.५ मिलिमीटर झालेली नळी तेवढ्याच ०.३ने आवळली तर विरोध जवळजवळ अडीचपट होतो. खऱ्या फुप्फुसात हवा इतकी सरळ वाहत नाही, पण मुद्दा तोच. चेतेने काहीच वावगे केलेले नसते. तिने सोडलेली पकड मात्र रुग्णाला एक जिना चढवून नेते.

त्याच वर्षी लंडनमध्ये अ‍ॅलिसन फ्रायर आणि जेनिफर मॅक्लेगन यांनी गिनीपिगमध्ये पाहिले की चेतेच्या टोकावरच एक ब्रेक असतो. अ‍ॅसिटिलकोलिन पुरेसे सुटले की ते या ब्रेकवर बसते आणि पुढची आवक थांबवते. पुढे १९९१ साली दिसले की विषाणूचा संसर्ग हा ब्रेकच निकामी करतो. हिवाळ्यातल्या एका साध्या पडशाने जुन्या खोकल्याचा रुग्ण अंथरूण का धरतो, याचे निदान एक कारण त्यातून समजते.

एका आशेवर मात्र पाणी पडले. १९८३ साली स्वीडनमध्ये लुंडबर्ग आणि सारिया यांनी उंदरांच्या मिरची झोंबणाऱ्या चेता कॅप्सेसिन देऊन बधिर केल्या, तेव्हा सिगरेटच्या धुराने श्वासमार्गाला येणारी सूज आली नाही. म्हणजे बातमी नेणारी चेता जाता जाता जागेवरच सूज आणणारी द्रव्ये सोडत होती. ती अडवणारी औषधे निघाली, माणसांवर तपासली गेली, पण त्यांचा सांगण्यासारखा उपयोग दिसला नाही. उंदराच्या आणि माणसाच्या श्वासनळीत या तंतूंची संख्या सारखी नाही, हे त्यामागचे एक कारण.

इप्राट्रोपियम दिवसातून तीन-चार वेळा घ्यावे लागे. त्याचाच पुढचा अवतार टायोट्रोपियम, जे एकदा घेतले की दिवसभर पुरते, २००२ पासून युरोपात मिळू लागले. ते सतत घेतले तर फुप्फुसाची घसरणच थांबेल का, हे पाहण्यासाठी सुमारे ६००० रुग्णांवर चार वर्षे चाचणी झाली. २००८ साली निकाल आला. औषध घेणाऱ्यांच्या फुप्फुसातून पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा सुमारे शंभर मिलिलिटरने जास्त होती, त्यांचा आजार कमी वेळा उसळला, त्यांचे रोजचे जगणे सुधारले. पण घसरण दोन्ही गटांत सारखीच राहिली, वर्षाला सुमारे ३० मिलिलिटर. चेतेची पकड सोडवता आली, भिंतीचे झिजणे नाही. ते धुराने सुरू केलेले असते आणि धूर सोडल्यावर त्याचा वेग कमी होतो, हे फ्लेचरांच्या कामगारांनी आधीच दाखवून दिले होते.

औषध रोज घेण्याऐवजी चेताच जाळून टाकावी, असाही प्रयत्न झाला आहे. तोंडातून दुर्बीण घालून मुख्य श्वासनलिकांच्या आतून ऊर्जा देतात आणि बाहेरच्या अंगाने जाणाऱ्या व्हेगसच्या शाखा निकामी करतात. आतले अस्तर भाजू नये म्हणून ते त्याच वेळी थंड ठेवावे लागते. माणसांवरचे पहिले निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. नेहमीच्या उपचारांत ही पद्धत आलेली नाही. रुग्ण अजून फवाराच ओढतात, आणि त्यातल्या रेणूचा सांगाडा आजही धोतऱ्यातल्या द्रव्याशी नाते सांगतो.